तळघराच्या काँक्रीटमधील भूजलाची गळती दुरुस्तीनंतरही परत येत असेल तर

जमिनीखालच्या काँक्रीटमधून पाणी येण्याची तक्रार क्वचितच पहिल्यांदा केलेली असते. तळघर असो, लिफ्टचा खड्डा असो, पंपघर असो किंवा भूमिगत वाहनतळ असो, भिंतीवर आधी एकदोनदा काही ना काही लावून झालेले असते, काही महिने ती कोरडी राहिलेली असते आणि मग जमिनीतील पाण्याची पातळी चढली की त्याच सांध्यातून किंवा त्याच्यापासून हातभर अंतरावर पाणी पुन्हा दिसू लागते. अशा वेळी दोष बहुधा वापरलेल्या मालाला दिला जातो आणि पुढच्या खेपेस त्याहून महाग माल आणला जातो. वास्तविक पाणी कोठून येते, काँक्रीटमध्ये ते कोणत्या वाटेने शिरते आणि ती वाट बंद केल्यावर त्याचा दाब कोठे जाईल, हे न पाहताच काम उरकलेले असणे हेच गळती परतण्याचे नेहमीचे कारण असते. म्हणून मालाची निवड पुढे, बरीच तपासणी झाल्यावर येते.

दाबाचा हिशेब आधी

पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागे सुमारे ९.८ किलोपास्कल दाब असतो. तळघराची फरशी भूजलाच्या पातळीखाली ३ मीटर असेल, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला पाणी सुमारे ३ टनांच्या जोराने खालून वर ढकलत असते आणि भिंतीच्या पायथ्याशी तेवढाच दाब आडवा येत असतो. बाहेरच्या बाजूने लावलेल्या जलरोधक थराला हे पाणी भिंतीवर दाबून धरते. आतून लावलेल्या गिलाव्याला, रंगाला किंवा लेपाला तेच पाणी भिंतीपासून सुटे करू पाहते. आतला लेप केवळ चिकटण्याच्या ताकदीवर टिकतो, आणि ज्या भिंतीवर जुना रंग, सिमेंटची साय किंवा लोणा आहे तिच्यावर ती ताकद फारच कमी असते. फोड येणे, पोपडे निघणे आणि लेपामागे पाणी साचून ते भलत्याच जागी बाहेर पडणे, हा त्याचा ठरलेला परिणाम होय.

दुसरा हिशेब भेगेच्या रुंदीचा आहे. समांतर कडांच्या भेगेतून जाणारे पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ०.२ मिलिमीटरची भेग ०.४ मिलिमीटर झाली तर पाणी दुप्पट नव्हे, सुमारे आठपट येते. त्यामुळे ऋतुमानाने थोडीशी उघडझाप करणारी भेग उन्हाळ्यात नुसती ओलसर आणि थंडीत वाहती दिसू शकते. याउलट ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच्या स्थिर भेगा दाब फार नसल्यास पुष्कळदा आपोआप बुजतात, कारण सिमेंटमधील चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने भेगेतच साचतो. भिंतीवर पांढरी रेघ आहे, पण हाताला ओल लागत नाही, अशा भेगेला हात न लावणेच शहाणपणाचे असते.

सलग काँक्रीटमधून पाणी आरपार येते ही समजूत मात्र बहुतेक वेळा चुकीची असते. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आसपास ठेवून नीट मुरवलेल्या काँक्रीटमधील केशछिद्रांची साखळी आठवडाभरात तुटते, ०.७ च्या वर गेलेल्या काँक्रीटमध्ये ती कितीही मुरवले तरी तुटत नाही. त्या दुसऱ्या प्रकारच्या भिंती असतात, आणि त्या सर्वांगाने ओलावतात. परंतु धार, ठिबक किंवा ठरावीक रेषेतील पाझर दिसत असेल तर तो सांध्यातून, भेगेतून, हनीकोंबमधून (खडीमध्ये पोकळ्या राहिलेल्या काँक्रीटच्या भागातून) किंवा आरपार गेलेल्या एखाद्या वस्तूच्या कडेने येतो असे धरून चालावे.

हे पाणी भूजलच आहे का

तळघरातील ओल तीन-चार निरनिराळ्या कारणांनी येऊ शकते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. दमट हवेतील बाष्प थंड भिंतीवर बसून जे पाणी जमते ते काँक्रीटमधून आलेलेच नसते. साधारण दोन फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून किमान २४ तास तसाच ठेवावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला जमले तर दोष हवेचा आहे आणि तेथे वायुवीजन सुधारावे लागेल; आतल्या अंगाला जमले तर ओलावा भिंतीतून येत आहे. दोन्ही अंगांना जमले तर दोन्ही कारणे आहेत, आणि अशा वेळी केवळ इंजेक्शन, म्हणजे भेगेत दाबाने माल भरणे, करून भागत नाही.

नळाची किंवा सांडपाण्याची फुटलेली वाहिनी हे दुसरे कारण. इमारतीतील सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा हलतो का ते पाहावे. सांडपाण्याच्या वाहिनीत आणि जमिनीवरच्या गटारात वेगवेगळ्या वेळी रंगद्रव्य सोडून ते भिंतीतून उतरते का तेही पाहता येते. गळणाऱ्या पाण्यात क्लोरीन आढळले तर पुरवठ्याच्या पाण्याचा संशय बळावतो. न आढळल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन नष्ट होतो. या चाचणीचा निष्कर्ष उलटा लावून चांगली नळवाहिनी निर्दोष ठरवण्याऐवजी फुटकी निर्दोष ठरवली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तिसरे कारण म्हणजे छपराचे आणि अंगणाचे पाणी. पावसाबरोबर काही तासांत सुरू होणारी आणि पाऊस थांबल्यावर लवकर ओसरणारी गळती ही बहुतेक वेळा भिंतीलगतच्या सैल भरावात उतरलेल्या पाण्याची असते. तेथे छपराच्या नळीचे तोंड दूर नेणे, भिंतीपासून बाहेर उतार देणे आणि भरावाच्या वरच्या थरात चिकणमाती दाबून बसवणे, एवढ्यानेही काम होऊ शकते. खरे भूजल मात्र सावकाश चढते आणि सावकाश उतरते. इमारतीबाहेर एक विंधण घेऊन त्यात छिद्रांची नळी जिओटेक्स्टाइल (माती गाळणारे कापड) गुंडाळून उभी केली आणि तिच्यातील पाण्याची पातळी ठरावीक दिवसांनी फरशीच्या पातळीशी ताडून लिहून ठेवली, तर गळती कोणत्या पातळीला सुरू होते ते नेमके कळते. ही नळी बसवण्याचा खर्च दुरुस्तीच्या तुलनेत नगण्य असतो आणि काम झाल्यावर तपासणीसाठी तीच उपयोगी पडते. तरीही ती फारच थोड्या ठिकाणी बसवलेली दिसते.

वाट शोधणे

भिंतीवर गिलावा, टाइल किंवा जुना लेप असेल तर तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुटलेल्या गिलाव्यामागे पाणी दोन-दोन मीटर आडवे सरकून सोयीस्कर जागी बाहेर पडते, आणि त्या जागी छिद्रे पाडून केलेले इंजेक्शन गिलावा व काँक्रीट यांच्यामधल्या पोकळीत जाते. काँक्रीट उघडे झाल्यावर ते फडक्याने कोरडे करावे, गरम हवेने सुकवावे आणि संशयित भागावर कोरड्या सिमेंटची भुकटी शिंपडावी. जेथे भुकटी प्रथम काळवंडते तेच पाण्याचे मूळ तोंड. नंतर भिंतीच्या नकाशावर ओलसर, ठिबकणारी आणि वाहती अशी तीन प्रकारची ठिकाणे वेगवेगळ्या खुणांनी मांडावीत.

हा नकाशा बराच बोलका असतो. फरशी आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, किंवा फरशीपासून १०० ते १५० मिलिमीटर वर आडवी सरळ रेघ दिसली तर तो किकरचा, म्हणजे फरशी व भिंत वेगवेगळ्या वेळी ओतल्याने मध्ये राहणारा, सांधा आहे. ठरावीक अंतराने चौकटीत मांडल्यासारखे ओले ठिपके दिसले तर ती शटरिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) दोन बाजू धरून ठेवणाऱ्या टाय रॉडची भोके आहेत. लांब भिंतीत काही मीटरांच्या अंतराने उभ्या, खालून वर जाताना निमुळत्या होणाऱ्या भेगा असतील तर आधी ओतलेल्या राफ्टने (पायाच्या सलग स्लॅबने) भिंतीचे आकुंचन अडवून धरल्यामुळे त्या पडल्या आहेत आणि त्यांत आता फारशी वाढ होणार नाही. तिरप्या भेगा, विशेषतः एका टोकाला रुंद होत गेलेल्या, पाया खचल्याच्या असू शकतात. भेगेच्या कडांना गंजाचे तांबूस डाग असतील, काँक्रीटचे तुकडे सुटत असतील किंवा दोन्ही कडा एका पातळीत नसतील, तर गळतीचे काम थांबवून आधी स्ट्रक्चरल अभियंत्याला बोलवावे.

भेग हलती आहे की स्थिर, हेही याच टप्प्यात ठरते. तिच्यावर भेगमापी पट्टी बसवून सकाळी व दुपारी, तसेच काही आठवड्यांच्या अंतराने नोंदी घ्याव्यात. घाई असेल तर भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी घालतात. ती तडकली तर भेग हलती आहे. न तडकल्यास लगेच निश्चिंत होऊ नये, कारण ऋतूबरोबर हलणारी भेग चार दिवसांत काहीच सांगत नाही.

थांबवण्यापूर्वी तपासायच्या दोन गोष्टी

गळणारे पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर स्थिर ठेवावे. तळाशी वाळू किंवा गाळ बसला तर पाण्याबरोबर बाहेरची माती आत येत आहे, म्हणजेच भिंतीमागे किंवा फरशीखाली पोकळी तयार होत आहे. ही स्थिती साध्या गळतीहून कितीतरी गंभीर आहे. पंप लावून पाणी उपसत राहण्याने ती आणखी बिघडते, कारण प्रत्येक उपशाबरोबर थोडी माती जाते आणि शेजारचा पायाही आधार गमावू शकतो. अशा ठिकाणी भेग बंद करण्याइतकेच पोकळी भरणेही आवश्यक असते.

दुसरी गोष्ट उचल दाबाची. १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या फरशीचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ३६० किलो असते, म्हणजे केवळ ३६ सेंटिमीटर पाण्याचा दाब ती स्वतःच्या वजनाने पेलू शकते. अनेक जुन्या तळघरांच्या फरश्या खालचे पाणी सांध्यांतून आत येत राहील आणि सम्पमधून (पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यातून) उपसले जाईल, हे गृहीत धरूनच बांधलेल्या असतात. सगळे सांधे नेटाने बंद केले की तेच पाणी फरशीखाली दाब धरते आणि काही आठवड्यांनी फरशी मध्यभागी फुगून फुटते. मग गळती परत आली असे म्हटले जाते, परंतु ती परत आलेली नसून नव्याने तयार केलेली असते. भूमिगत टाक्यांच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. भूजल वर असताना दुरुस्तीसाठी रिकामी केलेली हलकी टाकी अख्खी तरंगून वर येऊ शकते. मूळ आराखड्यात फरशी उचल दाबासाठी धरली आहे का हे पाहिल्याशिवाय निचऱ्याची कोणतीही वाट बंद करू नये.

किकरचा सांधा आणि भेगा: इंजेक्शन

परतणाऱ्या गळतीत किकरच्या सांध्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. राफ्ट आणि भिंत वेगवेगळ्या दिवशी ओतली जाते, मधल्या पृष्ठभागावर साय, लाकडाचा भुसा आणि बांधणीच्या तारेचे तुकडे साचतात, आणि भिंतीचे पहिले काँक्रीट उंचावरून पडून त्यातील खडी तळाशी वेगळी होते. पीव्हीसीचा वॉटरस्टॉप (पाणी अडवण्यासाठी सांध्यात पुरलेली पट्टी) बसवलेला असला तरी तो तारेने सळयांना न बांधल्यामुळे ओतताना वाकलेला किंवा जोडावर नीट वितळवून न जोडलेला असतो. फुगणारी पट्टी वापरली असेल तर ती ओतण्याआधीच पावसात भिजून फुगून गेलेली असू शकते. यापैकी कोणताही दोष आतून सांध्यावर सिमेंट चोपडून जात नाही, कारण वाट भिंतीच्या पोटात आहे. तेथे पोचण्याचा मार्ग म्हणजे इंजेक्शन.

छिद्रे भेगेवर नव्हे तर भेगेच्या बाजूने पाडायची असतात. भिंत ३०० मिलिमीटर जाड असेल तर भेगेपासून १५० मिलिमीटर अंतरावर ४५ अंशांत छिद्र घ्यावे, म्हणजे ते भेगेला बरोबर मध्यावर छेदते. भेग आत सरळ गेली असेल याची खात्री नसल्यामुळे छिद्रे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी घेतात; त्यांच्यातील अंतर साधारण १५० ते ३०० मिलिमीटर ठेवतात. भिंतीच्या आरपार छिद्र जाऊ देऊ नये, सळ्या कोठे आहेत ते शोधकयंत्राने आधी पाहावे आणि सांध्यात वॉटरस्टॉप असेल तर त्याची जागा आराखड्यावरून काढून घ्यावी, नाहीतर दुरुस्तीसाठी पाडलेले छिद्रच त्याला भोसकते. प्रत्येक छिद्र पाण्याने धुवावे. ड्रिलची ओली भुकटी भेगेचे तोंड लिंपून टाकते आणि मग दाब दिसतो, पण माल आत जात नाही. घाईने केलेल्या कामातील हा सर्वांत मोठा आणि नंतर अजिबात न दिसणारा दोष आहे.

पॅकर (माल आत सोडण्यासाठी छिद्रात बसवायचे तोंड) बसवून घट्ट केल्यावर प्रथम पाणी सोडून पाहावे. ते शेजारच्या पॅकरमधून किंवा भेगेतून बाहेर आले तर छिद्र भेगेला मिळाले आहे. न आल्यास ते सोडून नवे पाडावे. उभ्या भेगेत सर्वांत खालच्या पॅकरपासून सुरुवात करावी, म्हणजे पाणी वर ढकलले जाते आणि मध्ये अडकत नाही. दाब कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवावा. पंपाची क्षमता आहे म्हणून एकदम मोठा दाब दिला तर कमजोर काँक्रीटचा पापुद्रा उडतो किंवा भेग आणखी लांबते. माल पुढच्या पॅकरमधून दिसला की तिकडे सरकावे, आणि सगळी रांग झाल्यावर माल घट्ट होण्यापूर्वी खालून पुन्हा एक फेरी करावी. पहिल्या फेरीत भेगेचे अरुंद भाग सुटलेले असतात. या कामात आयसोसायनेटयुक्त माल हाताळला जातो, म्हणून हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि बंद जागेत मोकळी हवा हवीच. दाबाखालच्या पॅकरसमोर कोणी उभे राहू नये, कारण सैल पॅकर गोळीसारखा सुटतो.

कोणता माल कोठे

वाहते पाणी अडवण्यासाठी पाण्याशी संयोग होऊन फेसाळणारा पॉलियुरेथेन उपयोगी आहे. तो पाण्याशी मिळताच कार्बन डायऑक्साइड सुटून अनेक पटींनी फुगतो आणि काही सेकंदांत ते काही मिनिटांत धार थांबते. गळती परतण्याचे एक मोठे कारण नेमके येथे आहे: धार थांबली की काम संपले असे समजून कामगार निघून जातात. मोकळ्या जागेत पुष्कळ फुगलेला फेस हलका आणि नाजूक असतो. तो पाण्याला थोपवून धरतो, कायमचा सांधा करत नाही. फेसानंतर त्याच भेगेत न फेसाळणारे, सावकाश घट्ट होणारे लवचिक पॉलियुरेथेन रेझिन भरायचे असते. कामाच्या अंदाजपत्रकात हा दुसरा माल वेगळा लिहिलेला आहे का, एवढे पाहिले तरी काम कसे होणार याचा अंदाज येतो.

जलस्नेही प्रकारचे पॉलियुरेथेन आणि ॲक्रिलेट जेल पाणी शोषून फुगलेले राहतात. ॲक्रिलेट जेल जवळजवळ पाण्याइतके पातळ असल्यामुळे अतिशय बारीक भेगांत जाते, आणि भिंतीतून आरपार छिद्रे पाडून बाहेरच्या मातीत त्याचा पडदाही उभा करता येतो. बाहेरून खोदणे अशक्य असलेल्या जुन्या तळघरांना तो मोठा आधार आहे. परंतु हे दोन्ही प्रकार कोरडे पडले की आकसतात. ज्या पातळीला भूजल वर्षातील काही महिनेच असते तेथे त्यांचा वापर केल्यास नव्या मोसमातील पहिले पाणी भेगेतून येते आणि जेल पुन्हा फुगेपर्यंत येतच राहते. अशा ओल्या-कोरड्या पट्ट्यात जलस्नेही माल वापरू नये; तो सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागासाठी ठेवावा.

इपॉक्सी भेगेच्या दोन्ही बाजू ताकदीने जोडते, पण ते ठिसूळ असते आणि साधारणतः कोरडी भेग मागते. हलत्या भेगेत ते भरले तर जुनी भेग बंद राहते आणि तिच्या शेजारी नवी पडते. युरोपीय मानक ईएन १५०४-५ मध्ये इंजेक्शनच्या मालाचे भार पेलणारे, लवचिक आणि फुगणारे असे तीन गट केलेले आहेत. माल मागवताना व्यापारी नावाऐवजी या गटाने विचारणे अधिक चांगले.

नुसत्या उघड्या धारेसाठी झटपट घट्ट होणारे प्लगिंग सिमेंट असते, आणि त्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. मात्र भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदू नये. पाण्याचा दाब पाचरीसारखा भरलेला तुकडा सरळ बाहेर ढकलतो. चर सुमारे २५ मिलिमीटर रुंद आणि त्याहून थोडा खोल, शक्यतो आत रुंदावत जाणारा असावा. धार जोराची असेल तर सर्वांत जास्त पाणी येते त्या ठिकाणी लहान नळी बसवून पाणी तिच्यातून वाहू द्यावे, बाजूचा सगळा चर आधी बुजवावा, त्याला पूर्ण ताकद येऊ द्यावी आणि नळी शेवटी बंद करावी. बहुतेक फसलेल्या प्लगांत ही नळी नसते. ताज्या मालाला पहिल्या मिनिटापासून पूर्ण दाब सोसावा लागतो.

हनीकोंबचा भाग सुटी खडी निघेपर्यंत फोडावा, मागे इंजेक्शन करावे आणि मगच न आकसणाऱ्या मॉर्टरने भरावा. टाय रॉडच्या भोकांतील प्लास्टिकची नळी ड्रिलने काढून, आत पॅकर बसवून तोच क्रम पाळावा. आरपार गेलेल्या पीव्हीसी नळीला काँक्रीट चिकटतच नाही, म्हणून तिच्याभोवती चर घेऊन फुगणारा सीलंट आणि मागे इंजेक्शन असे दोन्ही लागते. केबलच्या नळीतून येणारे पाणी मात्र पुष्कळदा नळीच्या आतून येत असते, आणि भिंत कितीही भरली तरी ते थांबत नाही.

विस्तार सांधा सर्वांत कठीण. तो हलण्यासाठीच ठेवलेला असतो, त्यामुळे त्यात कडक माल भरणे म्हणजे पुढच्या भेगेची सोय करणे होय. आतला वॉटरस्टॉप फाटला असेल तर सांध्याच्या पोटात लवचिक जेल किंवा रेझिन भरून आतून रबरी पट्टी लावतात. ही पट्टी केवळ चिकटवून भागत नाही, आतल्या बाजूने तिला धातूच्या पट्ट्या व बोल्ट लावून दाबून धरावे लागते. एवढे करूनही विस्तार सांधा दहा-वीस वर्षे निर्वेध कोरडा राहील असे कोणी लेखी सांगत असेल तर त्याचे आश्वासन जपून घ्यावे.

स्फटिकी लेपांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. हे लेप काँक्रीटमधील मोकळा चुना आणि ओलावा यांच्याशी संयोग होऊन छिद्रांत न विरघळणारे स्फटिक तयार करतात, त्यामुळे सर्वांगाने ओलावणाऱ्या भिंतीला आणि बारीक स्थिर भेगांना ते खरोखर उपकारक आहेत. वाहत्या पाण्यावर, हलत्या भेगेवर किंवा रंग न काढलेल्या भिंतीवर ते निरुपयोगी आहेत. भिंतीची छिद्रे उघडी करून ती आधी पाण्याने तृप्त करावी, इंजेक्शनने सर्व धारा थांबवाव्यात आणि त्यानंतर लेप द्यावा.

पाणी अडवायचे की वाट करून द्यायची

जमिनीखालच्या बांधकामाच्या जलसंरक्षणाविषयीच्या बीएस ८१०२ या ब्रिटिश मानकात, ज्याची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली, संरक्षणाचे तीन प्रकार मानले आहेत: स्वतंत्र जलरोधक थर, जलरोधक काँक्रीटची रचना आणि आत येणारे पाणी गोळा करून बाहेर काढणारी निचऱ्याची रचना. इंजेक्शन दोनदा नीट करूनही गळती जागा बदलत राहत असेल, म्हणजे एक भेग बंद केली की मीटरभर पुढची वाहू लागत असेल, तर काँक्रीट एकूणच सच्छिद्र आहे असे समजून तिसऱ्या प्रकाराकडे वळावे. भिंतीच्या आतून गोट्यांसारखे उंचवटे असलेली पातळ प्लास्टिकची चादर लावतात, तिच्यामागून पाणी खालच्या पन्हळीत उतरते आणि सम्पमध्ये जाते. भिंतीवर दाब साचत नाही, फरशीवरचा उचल दाबही आटोक्यात राहतो.

ही पद्धत पराभवाची कबुली मानली जाते आणि म्हणून टाळली जाते, हे मला पटत नाही. तिची खरी अडचण वेगळी आहे. सम्पला दोन पंप, विजेचा पर्याय, परतरोधक झडप आणि पाणी वाढल्याची सूचना देणारी घंटा यांपैकी एकही वगळले तर पहिल्याच मोठ्या पावसात वीज जाते आणि तळघर भरते. शिवाय काँक्रीटमधून धुपून आलेला चुना पन्हळींत थर धरतो, म्हणून त्या धुण्यासाठी ठरावीक अंतराने झाकणे ठेवावीत आणि वर्षातून एकदा त्या धुवाव्यात. आत येणाऱ्या पाण्याबरोबर माती येत असेल तर ही पद्धत वापरू नये.

काम झाल्यावर

कोरड्या मोसमात इंजेक्शन करून त्याच आठवड्यात गिलावा आणि रंग उरकण्याची पद्धत सोयीची असली तरी तिच्यामुळे काम सिद्ध होत नाही. शक्य असेल तेथे गळती चालू असताना इंजेक्शन करावे, म्हणजे प्रत्येक पॅकरचा परिणाम समोर दिसतो. त्यातही थंडीत भेग उघडलेली असताना भरलेला लवचिक माल पुढे भेग मिटताना दाबला जातो आणि घट्ट बसतो. उन्हाळ्यात मिटलेल्या भेगेत भरलेला माल थंडीत ओढला जाऊन कडेपासून सुटू शकतो. पॅकर काढून छिद्रे न आकसणाऱ्या मॉर्टरने भरावीत आणि भूजलाची पातळी तपासणीच्या नळीत एकदा पूर्ण चढून उतरेपर्यंत भिंत उघडीच ठेवावी.

या काळात पहिल्या नकाशाची प्रत घेऊन तिच्यावर नव्या खुणा वेगळ्या रंगात कराव्यात. जुन्या जागीच पाणी आले तर पॅकरच्या छिद्रांनी भेग पकडली नव्हती किंवा फेसानंतरचे रेझिन भरले नव्हते, आणि तेथे नव्या छिद्रांनी काम पुन्हा करावे लागेल. नव्या जागी आले तर दाब सरकला आहे. ती जागा पहिल्या नकाशात ओलसर म्हणून नोंदलेली होती का ते पाहावे, कारण तशी असल्यास ती दुरुस्तीच्या यादीत सुरुवातीलाच यायला हवी होती आणि ठेकेदाराशी करार करताना वाहत्या भेगांच्या लांबीबरोबर ओलसर भेगांची लांबीही मोजून धरणे योग्य ठरते. फरशीवर सरळ पट्टी ठेवून मध्यभाग उचलला गेला आहे का हेही त्याच फेरीत तपासावे, आणि काही मिलिमीटरची जरी उचल दिसली तरी फरशीच्या सांध्यात निचऱ्याची एक नळी तातडीने उघडावी.